केस कापलेला राजा

त्या वर्षी जानेवारीच्या शेवटी बाबांनी मला मुदत दिली. पुण्याहून व्हिडिओ कॉल चालू होता. ते पलंगावर उशीला टेकून बसले होते आणि बायपासची रेघ सदऱ्याच्या गळ्यातून डोकावत होती. ऑपरेशनला तीन महिने झाले होते. "पाडव्यापर्यंत सांग," ते म्हणाले. "कारखाना बघायला येणार असशील तर ठेवतो. नसशील तर देऊन मोकळा होतो. मला आता रोज भोसरी झेपत नाही." एवढं बोलून त्यांनी फोन आईच्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. बाबा नेहमी असेच बोलतात, जणू मागे कुठलंतरी मशीन चालू आहे आणि ते बंद पडायच्या आत मुद्दा संपवायचा आहे.

कारखाना स्प्रिंगांचा. भोसरीच्या एमआयडीसीत एक लांबट शेड, तार गुंडाळायची चार मशिनं, एक भट्टी आणि तेलाचा वास. तो वास बाबांच्या अंगाला रविवारीसुद्धा यायचा. मी इंजिनीयर झालो तेव्हा मी तिथे बसणार हे सगळे धरूनच चालले होते. दीड वर्ष बसलोही. त्या दीड वर्षात मी घड्याळाकडे जेवढं पाहिलं तेवढं तारेकडे पाहिलं नाही. मग आयर्लंडमधल्या एका कंपनीचं पत्र आलं आणि दोन वर्षांसाठी म्हणून मी निघालो. त्याला आता बारा वर्षं होत आली होती.

आम्ही नॅव्हन नावाच्या गावात राहत होतो. मी जवळच्याच एका कारखान्यात, जिथे दम्याच्या रुग्णांसाठी श्वासातून औषध घ्यायचे पंप बनतात तिथे, मशिनं तपासायचं काम करत होतो. बायको वरच्या खोलीत दिवसभर लॅपटॉपवर मीटिंगा करायची. दहा वर्षांची मुलगी स्वयंपाकघरातल्या टेबलावर शाळा करायची. तिसरा लॉकडाऊन लागला होता आणि घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी होती. कामावर जायचे तीन दिवस बरे जात. उरलेले चार दिवस मी बॉइन नदीच्या काठाने जायचो, फोनवरच्या नकाशात काढलेल्या गोलाच्या कडेपर्यंत, आणि परत यायचो. एकाच दिवसात तीनदासुद्धा गेलो आहे. बायको म्हणायची, "तुझ्या पायाला भिंगरी लागलीय. निदान येताना दूध तरी आणत जा." मी दूध आणायला विसरायचो.

डोक्यात एकच चालू असायचं. येतो म्हणू की नाही म्हणू. येतो म्हटलं तर बायकोची नोकरी, मुलीची शाळा, इथलं घर, सगळं उचलून न्यायचं. नाही म्हटलं तर बाबा काही बोलणार नाहीत, फोन आईकडे देतील, आणि ते न बोलणं मला जन्मभर पुरेल. सकाळी एक ठरायचं, संध्याकाळी दुसरं. मी कोणावरही खेकसायचो. एकदा तर टोस्टरवर ओरडलो.

फेब्रुवारीत मुलीला शाळेतून प्रोजेक्ट मिळाला. आपल्या काउंटीत, म्हणजे इथल्या जिल्ह्यात, पूर्वी राहून गेलेल्या माणसाबद्दल लिहायचं होतं. बाकीच्या मुलांनी खेळाडू घेतले, साधू घेतले. आमच्या कन्येने एक फ्रँक राजा शोधून काढला. आताचा फ्रान्स आणि जर्मनी जिथे आहे तिथलं ते जुनं राज्य, चौदाशे वर्षांपूर्वीचं. त्या राजाचं लांबलचक नाव माझ्या जिभेला कधीच वळलं नाही. मुलगी त्याला इथल्या पद्धतीने 'युअर मॅन' म्हणायची, म्हणजे आपला तो अमुक, तसं. मीही तेच म्हणू लागलो.

गोष्ट अशी होती. याचा बाप राजा होता, तो मेला तेव्हा हा सहा-सात वर्षांचा होता. त्या घराण्यात राजाचे केस जन्मात कधी कापायचे नाहीत अशी रीत. खांद्यावर रुळणारे लांब केस म्हणजे राजेपण, आणि ज्याचे केस कापले तो गादीवर बसायला नालायक. राजवाड्याचा एक मुख्य कारभारी होता. त्याने पोराला मारलं नाही. नुसते त्याचे केस कापले, त्याला एका बिशपच्या स्वाधीन केलं, बिशपने त्याला आयर्लंडला पोचवलं आणि कारभाऱ्याने गादीवर आपला मुलगा बसवला. इथले लोक मानतात की ते पोर स्लेनच्या टेकडीवरच्या मठात वाढलं. पुरावा कोणाकडेच नाही. स्लेन आमच्या घरापासून गाडीने पंधरा मिनिटांवर आहे, आणि आम्हाला तिथे जायला बंदी होती.

"हे म्हणजे छत्रपती साताऱ्याला आणि कारभार पुण्याला," मी म्हटलं. मुलीने माझ्याकडे नुसतं पाहिलं. तिला मराठी कळतं, उत्तर मात्र ती इंग्रजीतच देते, आणि तेही अस्सल मीथ काउंटीच्या सुरात. साताऱ्याबद्दल सांगायला मी उत्साहाने खुर्ची पुढे ओढली तर ती म्हणाली, "इट्स ग्रँड, बाबा, आय डोन्ट नीड इट." आणि पुढे लिहायला लागली.

मला मात्र त्या माणसाने झपाटलं. ती झोपली की मी लॅपटॉपवर त्याच्याबद्दल मिळेल ते वाचायचो. वीसेक वर्षांनी त्याच्या देशात पुन्हा गोंधळ झाला आणि सरदारांना अस्सल रक्ताचा राजा हवा झाला. तेव्हा कोणीतरी सांगितलं की तो तिकडे समुद्रापलीकडे जिवंत आहे. मग निरोप आले, माणसं आली, शस्त्रं आली आणि याला मिरवत परत नेलं. तिशीही न गाठलेला माणूस. लहानपणी ज्या भाषेत बोलायला लागला तिच्यातले किती शब्द त्याला आठवत असतील? दरबारात कोणी तक्रार घेऊन आला की हा कोणाच्या तोंडाकडे पाहत असेल? शेजारच्या फ्रँक राज्याशी सीमेवरून लढाई झाली. करांवरून लोक चिडले. तो जाणत्यांचं ऐकत नाही, अशी बोलणी झाली. तीन-चार वर्षांत, एका हिवाळ्यात, जंगलात शिकारीला गेला असताना त्याच्याच माणसांपैकी कोणीतरी त्याला मारलं. पलीकडच्या राज्याच्या कारभाऱ्याचा त्यात हात होता म्हणतात.

हे वाचून माझं काय होणार होतं ते उघड आहे. भोसरीच्या शेडमध्ये मला मी दिसू लागलो. शेडमध्ये आमचाही एक कारभारी होता. फोरमनकाका. मी शाळेत होतो तेव्हापासून ते तिथे आहेत. बाबांना हार्टचा त्रास सुरू झाल्यापासून सगळं तेच बघायचे, ऑर्डरी, कामगार, तारेची खरेदी. आता माझ्या डोक्यात किडा वळवळू लागला. या माणसाने बाबांच्या कानात काही भरवलं असेल का? ही मुदत त्याच्याच डोक्यातून निघाली असेल का? मी तिकडे गेलो तर कामगार माझ्याकडे बघतील की त्यांच्याकडे? ज्या माणसाने मला सायकल चालवायला शिकवली त्याच्याबद्दल मी हे विचार करत होतो. लाज वाटायची, पण थांबवता येत नव्हतं.

आणि दुसरीकडे मी तयारीही करत होतो. दर फोनला बाबांना विचारायचो, तारेचा भाव काय चाललाय, तिसरं मशीन अजून आवाज करतं का, भट्टीचं काय झालं. बाबा थोडक्यात सांगायचे. मला वाटायचं, त्यांना बरं वाटत असेल.

प्रोजेक्टच्या शेवटी मुलीला आपलं मत लिहायचं होतं. ती पेन चावत बसली होती. मग तिने विचारलं, "पण त्याला कोणी विचारलं का?" हे तिने इंग्रजीत विचारलं, "बट डिड एनीवन आस्क युअर मॅन इफ ही वॉन्टेड टू गो बॅक?" मी म्हटलं, राजांना विचारत नसतात. ती म्हणाली, "दॅट्स मीन." आणि तेच तिने लिहिलं. मी बाहेर पडलो आणि नदीकाठाने गोलाच्या कडेपर्यंत जाऊन आलो. मला तर विचारलं होतं. शिवाय मला कोणी हाकललंही नव्हतं. मी स्वतःच्या पायाने चालत जाऊन न्हाव्यापुढे बसलो होतो, असं म्हणायला हवं.

न्हाव्यांवरून आठवलं. इथली सलून नाताळपासून बंद होती. त्याआधीच्या लॉकडाऊनमध्ये बायकोने ट्रिमरने माझे केस कापले होते, पण या वेळी मी तिला हातच लावू देत नव्हतो. बस म्हटलं की मला बसवत नसे. मार्चअखेरीस केस कानांवरून खाली आले. मुलगी खूश होती. "यू लुक लाइक वन ऑफ देम," ती म्हणायची, म्हणजे त्या केसाळ राजांपैकी एक. आई मात्र फोनवर रोज म्हणायला लागली, "अरे, तो अवतार बघवत नाही. पाडव्याला तरी माणसात ये."

म्हणून ईस्टरच्या रविवारी स्वयंपाकघरात खुर्ची मांडली, गळ्याभोवती जुनी चादर बांधली आणि बायको ट्रिमर घेऊन मागे उभी राहिली. अर्धी बाजू झाली. मुलीला मदत करायची होती. मधेच बायकोचा फोन वाजला म्हणून ती बाजूला गेली, तेवढ्यात मुलीने ट्रिमरमध्ये अडकलेले केस झटकले, त्यासाठी त्याला लावलेला प्लास्टिकचा कंगवा काढला आणि तो न लावताच ट्रिमर आईच्या हातात ठेवला. कंगवा नसेल तर तो ट्रिमर कातडीपर्यंत भादरतो. बायको फोनवर बोलत बोलतच आली आणि तिने कपाळापासून टाळूपर्यंत एक सरळ पट्टा काढला.

बायकोने फोन बंद केला. ती म्हणाली, "हलू नकोस." मी म्हटलं, "आता हलून काय होणार आहे." पट्टा लपण्यासारखा नव्हता. सगळंच काढावं लागलं. मुलगी ओट्याला टेकून उभी होती. ती हळूच म्हणाली, "वेल, यू कान्ट बी किंग नाऊ." बायको हसली आणि मग एकदम थांबली, कारण तिच्याही तेव्हाच लक्षात आलं. बाप जिवंत असताना मुलगा डोकं भादरत नाही. ते करायचा दिवस वेगळा असतो.

मी या गोष्टी मानत नाही. माझं सगळं काम पुराव्यावर चालतं. तरी जमिनीवर पडलेले ते केस झाडूने गोळा केल्यावर मी तीच जागा पुन्हा दोनदा झाडली. पुण्यात तेव्हा दुसरी लाट चढत होती. रोज कोणाच्या ना कोणाच्या घरी बेड मिळत नसल्याची बातमी यायची. बाबांचं हृदय नुकतंच शिवलेलं. आणि मी इथे, सात समुद्रांपलीकडे, डोक्याचा गोटा करून उभा.

"त्यांना कळू द्यायचं नाही," मी म्हटलं. बायकोने माझ्या डोक्याच्या मागच्या बाजूवर बोट ठेवलं. "हे काय आहे?" लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि ती खोक तिने कधी पाहिलीच नव्हती. मी सांगितलं, सात वर्षांचा असताना कारखान्यात मशीनमधून एक स्प्रिंग उडून लागली होती. चार टाके पडले होते.

त्यानंतरचे आठ-नऊ दिवस मी प्रत्येक कॉलला लोकरीची टोपी घालून बसलो. थंडी आहे, कान दुखतो, हीटर बिघडलाय. आई म्हणायची, कानात लसणीचं तेल घाल. बाबा काही म्हणायचे नाहीत, नुसते बघायचे. भारतातला नंबर दिसला की डोक्याला हात जायचा आणि हाताला ते खरखरीत लागायचं. असं वाटायचं की मी काहीतरी आधीच करून बसलोय आणि आता ते घडायचं तेवढं बाकी आहे. झोपेतही मी टोपी घालू लागलो होतो. बायको म्हणाली, "अरे, इथे कोणापासून लपवतोयस?"

पाडव्याच्या आदल्या दिवशी पाच किलोमीटरची बंदी उठली आणि काउंटीभर फिरायला मोकळीक मिळाली. कामावरून आल्यावर मी दोघींना गाडीत घातलं आणि स्लेनला गेलो. टेकडीवर पडक्या भिंती आहेत, एक उंच मनोरा, थडगी, आणि चहूबाजूंनी हिरवं. तिथलं काहीच त्या राजाच्या काळातलं नाही, सगळं नंतरचं. वारा इतका होता की टोपी धरून ठेवावी लागली. मुलगी भिंतींमधून पळत सुटली. मी पूर्वेकडे तोंड करून उभा राहिलो. पंधरा मिनिटांच्या या जागेसाठी मी तीन महिने तडफडलो होतो आणि आता इथे आल्यावर मला परत घरी जायचं होतं. बायको शेजारी येऊन उभी राहिली.

"काय ठरवलंस?" तिने विचारलं.

"येतो म्हणणार आहे."

"तुला जायचंय?"

"बाबांना बरं वाटेल."

"मी ते नाही विचारलं," ती म्हणाली. पण तिने वाद घातला नाही. तिचे डोळे भरले होते आणि तिने ते वाऱ्यावर ढकललं.

पाडव्याला सकाळी सातला आम्ही फोन लावला. तिकडे साडेअकरा झाले होते. आमच्या खिडकीत फरशी पुसायच्या काठीची गुढी उभी होती, तिच्यावर बायकोच्या साडीचा ब्लाउजपीस आणि उपडा तांब्या. मुलगी सीरियल खात होती. तिकडे बाबा नवा सदरा घालून खुर्चीत बसले होते, मांडीवर छोटी उशी होती. बायपासनंतर खोकला आला की ती छातीशी धरायला सांगितली होती.

"सणाचं ते टोपरं काढ आधी," आई म्हणाली. "एप्रिल आलाय."

"आई, कान..."

"ही शेव्ड इट, आज्जी," मुलगी मागून म्हणाली. "वेल, वी डिड."

टोपी काढण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आईने पदर तोंडाला लावला. "अरे," ती म्हणाली, "हे बसलेत की समोर." आणि ती फोनच्या चौकटीतून बाहेर गेली. मी ट्रिमर, कंगवा, फोन असं काहीतरी भराभर सांगायला लागलो. तेवढ्यात बाबांच्या तोंडून एक आवाज आला. मी घाबरलो. त्यांनी उशी छातीशी घट्ट धरली होती आणि त्यांचे खांदे हलत होते. ते हसत होते. ऑपरेशननंतर मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

"ॲडव्हान्समध्ये करून टाकलंस," ते म्हणाले. "चला. आता तेवढ्यासाठी विमान पकडायला नको."

"बाबा, काहीतरी बोलू नका. मी ठरवलंय. मी..."

त्यांनी हात वर केला. मशीन थांबवायला लांबून खूण करायचे तसा. "थांब. आधी माझं ऐक. कारखाना फोरमनला दिला. गेल्या आठवड्यात वकील घरी येऊन सह्या घेऊन गेला."

मला राग आला, खरोखरीचा, कानशिलं तापली. "पण पाडव्यापर्यंत मुदत होती ना? आज पाडवा आहे."

"होती. पण तू येतो म्हणशील अशी भीती वाटायला लागली." ते उशीची कड सारखी करत होते. "दर फोनला तारेचा भाव विचारायला लागलास. दीड वर्ष तिथे होतास तेव्हा एकदाही विचारला नव्हतास. फोरमनला मीच म्हटलं, लवकर उरकू. तो नको नको म्हणत होता. म्हणाला, पोराला विचारू तरी. मी म्हटलं, विचारलं की तो हो म्हणेल."

मागे चमचा वाडग्यात ठेवल्याचा आवाज आला. मुलगी ऐकत होती. मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची शरमही वाटली. दोन्ही एकदम. फोरमनकाकांबद्दल जे जे मनात आणलं होतं ते सगळं आठवलं.

"बघू," बाबा म्हणाले. "मान खाली कर. मागून दाखव."

मी मान खाली घातली आणि फोन डोक्यामागे धरला.

"आहे अजून ती खोक," ते म्हणाले. आवाज अगदी जवळून आला, त्यांनी फोन हातात घेतला असावा. "शर्टने दाबून धरली होती, रिक्षा मिळेपर्यंत. तेव्हा ठरवलं होतं, याला इथे आणायचं नाही. मग म्हातारा झालो आणि विसरलो."

मी फोन पुढे घेतला नाही. मान खाली घालून तसाच बसून राहिलो, त्यांना दिसू देत.